मासळीचे तेल आणि प्रयोगशाळेतला ससा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बांगडा आणि तारली या आपल्या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या मासळ्या. तारलीला सिंधुदुर्ग-गोव्याकडे पेडवे म्हणतात. पावसाळा सरला की ही मासळी चांगलीच तेलकट होते. अशा मासळीने रक्तातले कोलेस्टेरॉल कमी होते, हे वाक्य आज आपण इतक्यांदा ऐकतो, की ते कुणी आणि कशावरून ठरवले हा प्रश्न मनात येतच नाही. त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात ससे आहेत, उंदीर आहेत, डुकरे आहेत आणि ग्रीनलंडच्या बर्फातली माणसेही आहेत. गंमत अशी, की या सर्वांची साक्ष एकसारखी नाही.

गोष्ट सुरू होते रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत. तिथे १९०८ साली इग्नातोव्स्की नावाच्या डॉक्टरांनी सशांना मांस, दूध आणि अंडी खाऊ घातली. सशांच्या रक्तवाहिन्या आतून जाड झाल्या. दोष प्राणिज प्रथिनांचा, असे त्यांना वाटले. १९१३ साली निकोलाय अनिच्कोव आणि त्यांचे सहकारी खलातोव यांनी हाच प्रश्न अधिक नेमका केला. त्यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिले. रक्तातले कोलेस्टेरॉल भरमसाट वाढले आणि महाधमनीच्या आतल्या अंगाला चरबीचे थर बसले. प्रथिनांची गरजच पडली नाही. अन्नातला एक पदार्थ, रक्तातली त्याची वाढ आणि रक्तवाहिनीचा आजार, ही साखळी अशी सशाने दाखवून दिली.

पण लगेच एक पेच उभा राहिला. तोच आहार उंदरांना आणि कुत्र्यांना दिला, तर त्यांच्या रक्तवाहिन्या ठणठणीत राहिल्या. ससा हा जन्माचा शाकाहारी. वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते पचवून बाहेर टाकण्याची सोय त्याच्या शरीरात तोकडी आहे. उंदीर आणि कुत्रा मात्र जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून त्याची विल्हेवाट लावतात. म्हणजे उत्तर अन्नावर जितके अवलंबून, तितकेच ते खाणाऱ्या प्राण्यावरही. ही गोष्ट पुढेही वारंवार आड येणार होती.

दरम्यान, मेद म्हणजे केवळ शरीराचे सरपण, ही समजूतही प्रयोगशाळेतल्या उंदरांनीच मोडली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना पूर्णपणे मेदविरहित आहार दिला. त्यांची वाढ खुंटली, शेपटीला खवले धरले आणि काही दिवसांनी ते मरू लागले. १९२९ साली त्यांनी हे जाहीर केले. काही मेदाम्ले शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात, हे त्यातून कळले. तेव्हापासून ‘किती मेद’ याबरोबर ‘कोणता मेद’ हा प्रश्नही विचारला जाऊ लागला.

मासळीचे तेल या चर्चेत आले ते १९५०च्या दशकात. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या संशोधकांनी १९५६ साली माणसांना निरनिराळी तेले देऊन पाहिली, तेव्हा मासळीच्या तेलाने रक्तातले कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले. हा शोध बुचकळ्यात टाकणारा होता. प्राणिज चरबी वाईट आणि वनस्पतीज तेल चांगले, असा सोपा हिशेब त्या वेळी रूढ होत होता. मासळी तर प्राणीच! १९६० साली मिनेसोटातल्याच हॉर्मेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोलेस्टेरॉल मुद्दाम वाढवलेल्या उंदरांना मेनहॅडन आणि ट्यूना या माशांचे तेल दिले, तेव्हा त्यांनाही मासळीच्या तेलाचा प्रभाव दिसला. तरीही पुढची दहा वर्षे हा विषय मागेच पडला.

त्याला पुढे आणले दोन डॅनिश डॉक्टरांनी. ऑलबोर्गच्या रुग्णालयातले हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग १९७० साली ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऊमान्नाक भागात गेले आणि तिथल्या १३० इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेऊन आले. सील, देवमासा आणि मासे हे या लोकांचे मुख्य अन्न. इतका मेद पोटात जाऊनही त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड डेन्मार्कच्या लोकांपेक्षा कमी होते. डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेल्या ग्रीनलंडच्या स्त्रियांचे आकडे मात्र डॅनिश स्त्रियांसारखेच निघाले. कारण रक्तात नाही, ताटात आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ‘ओमेगा-३’ या नावाने आज ओळखली जाणारी, सागरी अन्नातली लांब साखळीची मेदाम्ले यानंतर जगभर गाजली.

खरे तर या दोघांनी इन्युइटांच्या हृदयाची तपासणी केली नव्हती. हृदयविकार तिथे विरळा, हे त्यांनी सरकारी नोंदींवरून धरले होते, आणि त्या नोंदी फारशा भरवशाच्या नव्हत्या, अशी टीका २०१४ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी केली. २०१५ साली इन्युइटांच्या जनुकांचाही अभ्यास झाला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सागरी आहाराशी जुळवून घेणारे बदल त्यांच्या जनुकांतच आढळले. म्हणजे ताटाबरोबर खाणाराही महत्त्वाचा, हा सशाने शिकवलेला धडा इथेही लागू पडला.

पण १९८०च्या दशकात हे कुणाला ठाऊक नव्हते. प्रयोगशाळांमध्ये मासळीच्या तेलाची जणू लाटच आली. हे प्रयोग दिसतात तितके सोपे नसतात. मासळीचे तेल हवेने पटकन खवट होते. म्हणून खाद्य थोडे थोडे बनवायचे, थंड जागी हवाबंद ठेवायचे, त्यात ई जीवनसत्त्व घालायचे आणि पिंजऱ्यातले उरलेले रोज काढून टाकायचे. दुसरी मेख अशी, की मासळीच्या तेलात मुळातच थोडे कोलेस्टेरॉल असते. तुलनेच्या गटाच्या खाद्यात तेवढेच घातले नाही, तर हिशेब चुकतो. आणि तुलना करायची कोणत्या तेलाशी? डुकराच्या चरबीशी केली तर मासळीचे तेल अमृतासमान ठरते. मक्याच्या तेलाशी केली तर फरक बराच कमी दिसतो.

या प्रयोगांतून काय निघाले? उंदरांत ट्रायग्लिसराइड स्पष्टपणे उतरले. कोलेस्टेरॉलही उतरले, पण उंदराचे बहुतेक कोलेस्टेरॉल आपण ज्याला ‘चांगले’ म्हणतो त्या एचडीएलमध्ये असते, माणसाचे ‘वाईट’ म्हणजे एलडीएलमध्ये. त्यामुळे उंदराचा उतरलेला आकडा माणसाच्या खात्यात जमा करता येत नाही. अमेरिकेत १९८६ साली डुकरांवर झालेला प्रयोग फार गाजला. चरबीयुक्त खाद्यावरच्या डुकरांना आठ महिने कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले, तर त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या इतरांपेक्षा कमी बिघडल्या. नवल म्हणजे हा फायदा कोलेस्टेरॉल उतरल्यामुळे झाला, असे म्हणता येत नव्हते. आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी सांगितले, की कोलेस्टेरॉल खाणाऱ्या सशांना मासळीचे तेल दिल्यावर त्यांच्या रक्तवाहिन्या उलट अधिक बिघडल्या!

मग या सगळ्या मुक्या जिवांचे बळी वाया गेले का? तसे नाही. एक गोष्ट त्यांनी पक्की करून दिली. आपण खाल्लेल्या जादा अन्नातून यकृत मेद तयार करते आणि त्याची गाठोडी बांधून रक्तात सोडते. रक्त तपासल्यावर दिसणारे ट्रायग्लिसराइड बरेचसे या गाठोड्यांतले असते. मासळीच्या तेलातली मेदाम्ले यकृतातल्या मेद बनवणाऱ्या जनुकांचा आवाज खाली आणतात आणि मेद जाळण्याचे काम वाढवतात. गाठोडी कमी निघतात. हे कसे घडते, ते उंदरांच्या यकृतात १९९०च्या दशकाअखेर बरेच उलगडले. माणसातही तेच घडते. ओमेगा-३ मेदाम्ले रोज ३-४ ग्रॅम दिली, तर वाढलेले ट्रायग्लिसराइड साधारण पाव हिश्श्याने उतरते. एलडीएल मात्र उतरत नाही, काहींचे तर थोडे वाढते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ साली अशा शुद्ध तेलाला परवानगी दिली, तीही फार वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी.

‘बांगडा खा, कोलेस्टेरॉल उतरेल’ या वाक्यातली गफलत इथे कळते. आठवड्यातून दोनदा तेलकट मासळी खाल्ली, तर रोजचा हिशेब जेमतेम अर्धा ग्रॅम पडतो. उंदराच्या खाद्यात मात्र अनेकदा वजनाच्या दहा टक्के मासळीचे तेल असे. तेवढ्या प्रमाणात कोणी माणूस मासळी खात नाही.

मग हृदयाचे काय? वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांवर एक चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा तेलकट मासळी खाण्याचा सल्ला मिळालेल्या गटात दोन वर्षांत मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले, असे १९८९ साली जाहीर झाले. कोलेस्टेरॉलमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. मात्र त्याच परंपरेतल्या, हृदयशूळ असलेल्या ३,११४ पुरुषांवरच्या दुसऱ्या चाचणीत २००३ साली हा फायदा दिसला नाही. औषधाच्या मात्रेबाबतही तेच. २०१८ साली एका मोठ्या चाचणीत शुद्ध केलेल्या एका मेदाम्लाने हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी घटवल्या, तर २०२० साली दुसऱ्या चाचणीत काहीच फायदा आढळला नाही. पहिल्या चाचणीत तुलनेच्या गटाला खनिज तेल दिले होते, दुसरीत मक्याचे. फरक औषधाचा की तुलनेच्या तेलाचा, यावर तज्ज्ञांत वाद झाला. उंदराच्या पिंजऱ्यापाशी पडलेला प्रश्न पुन्हा समोर आला, पण या वेळी हजारो रुग्णांच्या बाबतीत.

म्हणून ‘अमुक खाल्ल्याने रक्तातली चरबी कमी होते, शास्त्रज्ञांचा शोध’ अशी बातमी वाचली, की तीन प्रश्न जरूर विचारावेत. कोणत्या प्राण्यात? किती मात्रेने? आणि कशाच्या तुलनेत? बातमीत याची उत्तरे नसतील, तर आहार बदलण्याची घाई करू नये.

मासळी खाणाऱ्यांनी बांगडा-तारली अवश्य खावी. आठवड्यातून एक-दोनदा, तळण्यापेक्षा कालवणात किंवा भाजून खाल्लेली मासळी हृदयाला हितकर, असे अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१८ साली सांगितले आहे. शाकाहारी मंडळींच्या जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ घराण्यातले मेदाम्ल आहे, मात्र शरीर त्याचे मासळीतल्या मेदाम्लांत रूपांतर अगदी थोडेच करू शकते. तेलाच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, असे अलीकडच्या चाचण्यांत आढळले आहे. त्यामुळे त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी गोळी दिली असेल, तर बांगड्याच्या भरवशावर ती बंद करू नये. बांगडा ट्रायग्लिसराइडला थोडाफार हात लावील, एलडीएल उतरवणे हे त्याचे काम नाही.