ॲस्परॅगस व रुबार्ब : गड्ड्यांची निवड आणि लागवड

थंड हवामानाच्या प्रदेशांत एकाच जागी वर्षानुवर्षे पीक देणाऱ्या या दोन बहुवर्षायू भाज्या. ॲस्परॅगसचे जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब खातात, तर रुबार्बचे लालसर, आंबट देठ. दोन्हींची लागवड बहुधा बियांऐवजी गड्ड्यांपासून करतात. गड्डा म्हणजे जमिनीखालचे आखूड खोड. त्याच्या माथ्यावर डोळे असतात आणि खाली अन्नसाठा धरून ठेवणारी मांसल मुळे. हिवाळ्यात वरचा पाला वाळतो, गड्डा मात्र सुप्तावस्थेत राहतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. ॲस्परॅगसचा वाफा चांगली निगा राखल्यास पंधरा-वीस वर्षे चालतो, त्यामुळे बेणे निवडताना केलेली हयगयही तेवढीच वर्षे भोवते.

या दोन्हींचे भाऊबंद भारतात आहेत. सह्याद्रीत आढळणारी औषधी शतावरी ही ॲस्परॅगसच्याच प्रजातीतली वेल, तर काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी ही हिमालयातील रुबार्बची मुळे.

ॲस्परॅगससाठी एक वर्षाचा गड्डा घ्यावा. दोन-तीन वर्षांचे मोठे गड्डे महाग असतात आणि लवकर पीक देतील असे वाटते. पण खणून काढताना त्यांची बरीच मुळे तुटतात आणि ती जखम भरून येईपर्यंत वयाचा फायदा संपलेला असतो. निरोगी गड्ड्याची मुळे फिकट बदामी व भरीव असतात, वाकवली तरी कडकन मोडत नाहीत. डोळे घट्ट मिटलेले असतात. मूळ चिमटीत दाबल्यावर पोकळ लागले, साल निसटून हातात आली किंवा आत तांबूस तपकिरी रेषा दिसल्या, तर फ्युजेरियम बुरशीची शंका घ्यावी आणि तो गड्डा बाजूला काढावा.

ॲस्परॅगसमध्ये नर व मादी झाडे वेगळी असतात. मादीची शक्ती लाल फळे धरण्यात खर्च होते, शिवाय गळलेल्या बियांतून वाफ्यात तणासारखी रोपे उगवतात. म्हणून अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाने केवळ नर झाडे देणारे संकर काढले. ‘जर्सी जायंट’ व ‘जर्सी नाइट’ हे त्यांतले प्रसिद्ध वाण. त्याआधी तांबेरा रोगाने अमेरिकेतील पीक धोक्यात आणले होते. त्याला तोंड देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेला ‘मेरी वॉशिंग्टन’ हा जुना वाण आजही लावतात, मात्र त्यात नर-मादी दोन्ही निघतात.

लागवडीसाठी पाण्याचा निचरा होणाऱ्या, 6.5 ते 7.5 सामू असलेल्या जमिनीत 15 ते 20 सेंमी. खोल चर काढतात. तळाशी मातीचा लहानसा वरंबा करून त्यावर गड्डा टेकवतात आणि मुळे कोळ्याच्या पायांसारखी दोन्ही अंगांना पसरतात. दोन गड्ड्यांत 30 ते 45 सेंमी. अंतर ठेवतात. सुरुवातीला 5 ते 7 सेंमी.च माती ओढतात. कोंब वर येतील तसा चर हळूहळू भरत जातात. मुळे उघड्यावर लवकर सुकतात, म्हणून काम चालू असताना गड्डे ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावेत.

रुबार्बची तऱ्हा नेमकी उलटी. त्याचा डोळा जमिनीच्या पातळीवर किंवा जेमतेम दोन-तीन सेंमी. खाली राहावा. ओल्या, भारी मातीत तो खोल गाडला की कुजतो. कुजलेले शेणखत भरपूर द्यावे, पण डोळ्यावर नव्हे, सभोवार. दोन झाडांत सुमारे 90 सेंमी. अंतर लागते. बियांपासून वाणाचे गुण हुबेहूब उतरत नाहीत, म्हणून पाचेक वर्षांच्या झाडाचा गड्डा हिवाळ्यात कुदळीने फोडून नवी लावण करतात. प्रत्येक तुकड्यावर निदान एक टणक डोळा व भरपूर मूळ असावे. कडेचे तुकडे उत्तम, मधला जून लाकडी भाग टाकून द्यावा. पाने चट्टेरी असलेल्या झाडाचे बेणे घेऊ नये, कारण विषाणू गड्ड्याबरोबर पुढच्या पिढीत जातो. ‘टिम्परली अर्ली’ व ‘व्हिक्टोरिया’ हे इंग्लंडमधील लोकप्रिय वाण. पानांत ऑक्झॅलिक आम्ल असल्याने ती विषारी ठरतात. खायचे ते फक्त देठ.

गड्ड्यात किती शक्ती साठते, हे यॉर्कशरमध्ये दिसते. वेकफील्ड, मॉर्ली व रॉथवेल यांच्यामधील ‘रुबार्ब त्रिकोणा’त झाडे दोन वर्षे तोडणी न करता शेतात वाढवतात. थंडी खाल्लेले गड्डे मग उबदार, अंधाऱ्या शेडमध्ये आणतात. तेथे केवळ साठ्यावर कोवळे गुलाबी देठ वाढतात आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांची काढणी होते. त्यानंतर निःसत्त्व झालेले गड्डे टाकून दिले जातात. या रुबार्बला 2010 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले.

घरच्या वाफ्यात हा साठा राखावा लागतो. पहिल्या वर्षी दोन्ही पिकांची तोडणी करत नाहीत, दुसऱ्या वर्षी अगदी थोडी करतात. तिसऱ्या वर्षापासून ॲस्परॅगसचे कोंब सहा ते आठ आठवडे काढता येतात. जर्मनीत 24 जूनला ही काढणी थांबवण्याची प्रथा आहे. पुढे पाला वाढून गड्डा पुन्हा भरतो. वाफा म्हातारा झाला की नवे गड्डे नव्या जागीच लावावेत, कारण फ्युजेरियम जुन्या मातीत अनेक वर्षे टिकून राहते.