अँटेना उतरला, एचडी आलेच नाही

भंडारा जिल्ह्यात फुकटचा टीव्ही आणि पैशांचा टीव्ही यांची तुलना निघाली की बोलणे लगेच चॅनेल किती यावर येते. माझ्या मते खरा फरक चित्राच्या स्पष्टतेत आहे, आणि तो तंत्रामुळे नव्हे, धोरणामुळे पडला. अमेरिकेने २००९मध्ये ॲनालॉग प्रक्षेपण थांबवले ते डिजिटल प्रक्षेपण सुरू करून. तिथे अजूनही साध्या अँटेनावर एचडी चित्र फुकट दिसते. भंडाऱ्यात मात्र गोष्ट वेगळी घडली. ऐंशीच्या दशकात, गोंदिया अजून याच जिल्ह्यात होता तेव्हा, इथले दूरदर्शन म्हणजे नागपूर. भंडारा शहरापासून अंतर साठेक किलोमीटर. म्हणून उंच पाइपावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, तिथून घरात उतरणारी चपटी वायर आणि मुंग्या फारच आल्या तर बूस्टर. (तेही अगदी फुकट नव्हते. त्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्हीच्या परवान्याचे पैसे पोस्टात भरावे लागत.) २०१६मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद होते, नागपूर नव्हते. शिवाय त्यावरच्या वाहिन्याही साध्याच, एचडी नव्हेत. मग २०२२पर्यंत देशभरातली जवळपास सगळी ॲनालॉग केंद्रे बंद झाली. एचडी उरले ते पैसे मोजणाऱ्यांसाठी, आणि मोजणीही अशी की २०१९च्या नव्या दरपद्धतीत १३० रुपये अधिक कर भरून शंभर वाहिन्या मिळत, पण एक एचडी वाहिनी त्यात दोन म्हणून धरली जाई.

यावर कुणी म्हणेल, दूरदर्शनची फ्री डिश आहे की! डिसेंबर २००४पासून ती आहे; छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याचे भाडे नाही. धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घराला ही सोय मोठी आहे, हे मान्यच. पण तिथल्या खासगी वाहिन्या लिलावाने जागा घेतात आणि हिशेब बदलला की निघून जातात. मार्च २०१९मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या काढल्या, २०२०मध्ये परत आणल्या, एप्रिल २०२२मध्ये पुन्हा काढल्या. एचडी म्हणाल तर दूरदर्शनच्याच मोजक्या वाहिन्या.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक वजनदार आहे: अँटेनावर पाहणारेच उरले नव्हते, मग वीज आणि कर्मचारी कशाला पोसायचे? खरे आहे. मात्र पाहणारे आपोआप आटले नाहीत. त्यांना वर्षानुवर्षे एक-दोन वाहिन्या आणि धूसर चित्र दिले, मग ते छत्रीकडे वळले, आणि त्या वळण्यालाच केंद्र बंद करण्याचे कारण ठरवले. शिवाय छत्रीवर येणाऱ्या उपग्रहाच्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात, चित्र तुकड्या-तुकड्यांत फुटते. जुन्या दूरदर्शनच्या लांब लहरींना पावसाचे फारसे काही वाटत नसे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराला वेढा घातला. अशा जिल्ह्यासाठी प्रक्षेपणाचा हिशेब मांडताना पावसाळ्याचे चार महिने त्यात धरायला हवे होते.