सैनिकाचे कर्ज आणि बिनशुल्क कार्ड

अमेरिकेच्या सैन्यात सेवारत असलेल्या व्यक्तीला आणि तिच्या जोडीदाराला अमेरिकन एक्स्प्रेस किंवा चेस यांसारख्या कंपन्यांची सर्वांत महागडी प्रवास-कार्डे वार्षिक शुल्क न भरता वापरता येतात, ही गोष्ट आता तेथील लष्करी वसाहतींत सर्वपरिचित झाली आहे. प्रवास-कार्ड म्हणजे ज्यावरील प्रत्येक खर्चामागे पॉइंट किंवा माइल जमा होतात आणि त्यांच्या बदल्यात विमानाचे तिकीट वा हॉटेलची खोली घेता येते असे क्रेडिट कार्ड. अशा कार्डाबरोबर विमानतळावरील लाउंजमध्ये प्रवेश आणि इतर सुखसोयी मिळतात, परंतु त्यांपोटी सामान्य ग्राहकाला दरवर्षी काही शे डॉलर मोजावे लागतात. सैनिकाला मिळणारी माफी पाहून ती देशसेवेबद्दलची बक्षिसी असावी असे कोणालाही वाटेल; तिचा इतिहास मात्र वेगळाच आहे. कर्जबाजारी सैनिकाला सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी केलेल्या दोन कायद्यांच्या पोटी ती जवळजवळ अनवधानाने जन्माला आली.

यांपैकी पहिल्या कायद्याची मुळे अमेरिकी यादवी युद्धापर्यंत जातात. त्या काळात अनेक राज्यांनी सैनिकांविरुद्धचे दिवाणी दावे तहकूब ठेवण्याची तरतूद केली होती, परंतु साऱ्या देशासाठी नीट विचारपूर्वक आखलेली योजना पहिल्या महायुद्धातच आली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता आणि पुराव्याच्या कायद्याचे विख्यात भाष्यकार जॉन हेन्री विग्मोर तेव्हा लष्कराच्या विधी विभागात मेजर म्हणून काम करीत होते. त्यांनी मसुदा केलेला ‘सोल्जर्स अँड सेलर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट’ मार्च १९१८ मध्ये संमत झाला. दाव्यांना सरसकट स्थगिती देण्याऐवजी, सैन्यसेवेमुळे या माणसाची देणे फेडण्याची किंवा स्वतःची बाजू मांडण्याची क्षमता खरोखर कमी झाली आहे काय, हे प्रत्येक प्रकरणात न्यायालयाने तपासावे अशी त्याची रचना होती. युद्ध संपल्यावर हा कायदा संपुष्टात आला, पण ऑक्टोबर १९४० मध्ये तो जवळपास त्याच रूपात पुन्हा करण्यात आला आणि १९४२ च्या दुरुस्तीने त्यात एक नवे कलम आले: सेवेत दाखल होण्यापूर्वी घेतलेल्या कर्जावर सेवेच्या काळात वर्षाला सहा टक्क्यांहून अधिक व्याज आकारता येणार नाही.

दावे थांबवण्याची ही कल्पना केवळ अमेरिकेपुरती नव्हती. पहिल्या महायुद्धात साताऱ्यासारख्या जिल्ह्यांतून हजारो शिपाई मेसोपोटेमियापर्यंत गेले, तेव्हा त्यांच्या पश्चात एकतर्फी हुकूमनामे होऊ नयेत ही चिंता ब्रिटिश हिंदुस्थान सरकारलाही होती, आणि १९२५ चा ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट’ त्याच चिंतेतून आला. मात्र त्या कायद्याने कोर्टातला दावा थांबवला, सावकाराच्या व्याजाला हात लावला नाही. अमेरिकी कायद्याचे वेगळेपण नेमके तेथे आहे.

सहा टक्क्यांच्या या कलमात ‘व्याज’ या संज्ञेची व्याख्या फार रुंद ठेवण्यात आली होती. नाव बदलून तीच वसुली करण्याची सावकारी युक्ती विधिमंडळाला ठाऊक असल्यामुळे सेवा-आकार, नूतनीकरण-आकार आणि इतर शुल्केही व्याजातच धरावीत असे त्यात म्हटले होते. १९ डिसेंबर २००३ रोजी जुन्या कायद्याची जागा ‘सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट’ने घेतली, तेव्हा ही व्याख्या कायम राहिलीच, शिवाय सहा टक्क्यांवरचे व्याज पुढे ढकलले जात नसून माफ होते हेही स्पष्ट झाले. क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क हा एका दृष्टीने नूतनीकरण-आकारच असल्याने, सेवेपूर्वी घेतलेल्या कार्डाचे शुल्क माफ करणे बँकांना हिशेब मांडत बसण्यापेक्षा सोपे वाटू लागले. १९४२ मध्ये हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घरावरचे कर्ज आणि हप्त्याने घेतलेली मोटार होती. आजच्या अर्थाने क्रेडिट कार्ड म्हणावी अशी वस्तूच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

ती वस्तू पुढच्या दशकात आली. डायनर्स क्लबचे कार्ड १९५० मध्ये, तर अमेरिकन एक्स्प्रेसचे आणि बँक ऑफ अमेरिकाचे कार्ड १९५८ मध्ये निघाले. अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये ‘ए-ॲडव्हांटेज’ ही नेहमीच्या प्रवाशांना माइल देणारी योजना सुरू केली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात बँका विमान कंपन्यांकडून माइल विकत घेऊन आपल्या कार्डधारकांना वाटू लागल्या. दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारामागे मिळणारे कमिशन, थकबाकीवरचे व्याज आणि वार्षिक शुल्क या तीन झऱ्यांवर ही व्यवस्था चालते. यांतला तिसरा झरा सैनिकापुरता आटतो, तरीही बँकांना हा ग्राहक हवासा वाटतो, कारण त्याचा पगार ठरल्या तारखेला येतो आणि त्याचा प्रवास थांबत नाही.

अमेरिकी सैनिकाची साधारणपणे दोन-तीन वर्षांनी बदली होते. या बदलीला तेथे ‘पीसीएस’ म्हणतात, आणि तिच्यात सारे बिऱ्हाड टेक्सासमधून जर्मनीला किंवा व्हर्जिनियातून जपानच्या ओकिनावा बेटावर हलते. वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा असते, पण आईवडील दुसऱ्या टोकाला राहत असल्यामुळे तिचा मोठा भाग आणि खिशातला पैसा गावी जाण्यातच खर्ची पडतो. लष्करी विमानात जागा उरली तर ती सैनिकाला व त्याच्या कुटुंबाला देणारी ‘स्पेस-ए’ ही जुनी सोय आहे, परंतु उरलेल्या जागेच्या भरवशावर मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्याने परतीच्या तिकिटाचे पैसे जवळ ठेवावेत हेच शहाणपणाचे. व्हिएतनाम युद्धात सैनिकाला मिळणाऱ्या विश्रांतीच्या रजेत त्याला भेटण्यासाठी हजारो पत्नी स्वखर्चाने होनोलुलूला जात असत. अशा कुटुंबांसाठी पुढे आलेले माइल ही चैन नसून गरजेची वस्तू ठरली.

सरकारी कामाच्या प्रवासात मात्र माइल कोणाचे, हा वाद बराच काळ चालला. तिकिटाचे पैसे सरकारचे, म्हणून माइलही सरकारचे, असा जुना नियम होता. त्याचा हिशेब ठेवणे जवळपास अशक्य असल्याने २८ डिसेंबर २००१ रोजी मंजूर झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्याने ते प्रवाशाला ठेवून घेण्याची मुभा दिली. कार्डाची गोष्ट वेगळी होती. १९९८ च्या एका कायद्याने सरकारी प्रवासाचा खर्च सरकारी कार्डावरच करणे सामान्यतः बंधनकारक झाले, आणि त्या कार्डावरचा परतावा सरकारजमा होतो. त्यामुळे सैनिक एकाच प्रवासात विमान कंपनीचे माइल खिशात टाकतो, पण बँकेचे पॉइंट मिळवण्यासाठी त्याला घरखर्चाकडेच वळावे लागते.

दुसऱ्या कायद्याची कथा अधिक काळी आहे. १९७८ च्या ‘मार्क्वेट’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बँकांना आपल्या मूळ राज्यातील व्याजदर इतर राज्यांतील ग्राहकांनाही लावण्याची मोकळीक दिली, आणि राज्याराज्यांतील व्याजमर्यादा क्रेडिट कार्डांपुरत्या निष्प्रभ झाल्या. पुढे लष्करी तळांच्या फाटकांबाहेर ‘पेडे लोन’ देणारी, म्हणजे पुढच्या पगाराच्या भरवशावर दोन आठवड्यांची उचल देणारी दुकाने दाटीने उभी राहिली. शंभर डॉलरच्या उचलीवर दोन आठवड्यांना पंधरा डॉलर, हा वरवर किरकोळ दिसणारा आकार वर्षाला ३९० टक्के पडतो. कर्जात बुडालेल्या सैनिकाची गोपनीय कामासाठीची सुरक्षा-मंजुरी धोक्यात येते, म्हणून हा प्रश्न संरक्षण खात्यालाच टोचू लागला. ऑगस्ट २००६ मध्ये त्याने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, अहवाल दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिम टॅलेंट व बिल नेल्सन या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने ‘मिलिटरी लेंडिंग ॲक्ट’ अस्तित्वात आला. सेवारत सैनिक, त्याचा जोडीदार आणि अवलंबित यांना दिलेल्या कर्जाचा एकूण वार्षिक दर ३६ टक्क्यांवर जाता कामा नये, असे त्याने ठरवले.

आरंभीच्या नियमांत हा कायदा फक्त दोन-तीन प्रकारच्या उचलींना लागू होता आणि सावकारांनी करारातील शब्द बदलून त्यातून वाट काढली. म्हणून २०१५ मध्ये संरक्षण खात्याने व्याप्ती वाढवली, आणि ३ ऑक्टोबर २०१७ पासून क्रेडिट कार्डेही त्याखाली आली. प्रवास-कार्डांच्या इतिहासातील खरे वळण हेच, कारण ३६ टक्क्यांच्या हिशेबात शुल्केही धरली जातात. एखाद्या महिन्यात कार्डावर हजार डॉलरची बाकी असेल आणि त्याच महिन्यात ४५० डॉलरचे वार्षिक शुल्क लागले, तर त्या महिन्यापुरता दर ४५ टक्के, म्हणजे वार्षिक हिशेबाने ५४० टक्के होतो. खऱ्या आणि वाजवी शुल्कांना या हिशेबातून वगळण्याची पळवाट नियमातच आहे, पण शुल्क वाजवी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर येतो, आणि ते फसले तर करार मुळापासूनच रद्दबातल ठरतो. हजारो डॉलरची पतमर्यादा धोक्यात घालण्यापेक्षा काही शे डॉलर सोडलेले बरे, असा व्यवहारी निष्कर्ष अमेरिकन एक्स्प्रेस आणि चेस यांनी काढला. माफीचा हुकूम कायद्यात कोठेही नाही. ती बँकांच्या सावधगिरीतून आलेली आहे.

दोन कायद्यांच्या तारखा एकमेकींना पूरक पडल्या. सेवेपूर्वीचे कार्ड जुन्या कायद्याखाली, सेवेत असताना घेतलेले कार्ड नव्या कायद्याखाली. अर्ज येताच बँक संरक्षण खात्याच्या ‘डिफेन्स मॅनपॉवर डेटा सेंटर’कडील नोंदींत नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक टाकून अर्जदार संरक्षित आहे काय हे पाहते आणि उत्तराची नोंद जपून ठेवते, कारण पुढे वाद झाला तर तीच नोंद तिचा बचाव असते. जोडीदार स्वतः संरक्षित असल्यामुळे नवरा-बायको दोघेही स्वतंत्र कार्डे घेतात, दोघांनाही नव्या ग्राहकाचा बोनस मिळतो, आणि बदलीच्या सुमारास होणारी मोठी खरेदी त्या बोनसासाठी लागणारा खर्चाचा आकडा गाठून देते. अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्लॅटिनम कार्डाचे शुल्क १९८४ मध्ये २५० डॉलर होते. ते २०१७ मध्ये ५५०, २०२१ मध्ये ६९५ आणि २०२५ मध्ये ८९५ डॉलर झाले, आणि प्रत्येक वाढीबरोबर माफीची किंमतही वाढत गेली.

ज्याच्यासाठी कायदा झाला त्या कनिष्ठ, कर्जात रुतलेल्या सैनिकाला मात्र या सुखसोयींचा उपयोग थोडाच. त्याची पत कमी असल्याने असे कार्ड त्याला सहसा मिळत नाही, आणि मिळालेच तर थकबाकीवरील व्याज ३६ टक्क्यांच्या आत असेपर्यंत कायदा बँकेला अडवत नाही. दोन महिन्यांची बाकी राहिली तरी पॉइंटांतून मिळालेला फायदा व्याजात वाहून जातो. लाभ होतो तो दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्याला, बहुधा अधिकाऱ्याला किंवा जुन्या सार्जंटला. राखीव दलाच्या आणि नॅशनल गार्डच्या सैनिकाला तो तीस दिवसांहून अधिक मुदतीच्या हुकमावर असतानाच लागू होतो आणि निवृत्तांना अजिबात नाही. म्हणून सेवा संपत आली की अनेक कुटुंबे नवे शुल्क लागण्याआधी साठलेले पॉइंट वापरून टाकतात किंवा विमान कंपनीच्या खात्यात वळवतात, आणि मग महागडे कार्ड बंद करतात किंवा त्याच बँकेच्या बिनशुल्क कार्डात बदलून घेतात.