हस्तकंप : कारणमीमांसेचा इतिहास

हस्तकंप : हात किंवा बाहू यांची इच्छेवाचून होणारी लयबद्ध व आंदोलनात्मक हालचाल म्हणजे हस्तकंप होय. कंप हा स्वतंत्र रोग नसून अनेक कारणांनी उद्भवणारे लक्षण आहे. निरोगी माणसाने हात पुढे पसरून धरल्यास त्यातही दर सेकंदास सु. ८ ते १२ आंदोलनांचा अतिसूक्ष्म कंप असतो. भीती, थकवा, अतिरिक्त चहा-कॉफी, रक्तातील साखर उतरणे इ. कारणांनी तो वाढून डोळ्यांना दिसू लागतो. कारण दूर होताच तो पूर्ववत होतो. वृद्धाचा हात थरथरू लागला की ‘कंपवात झाला’ असे म्हणण्याची रूढी आहे. ती बहुधा चुकीची ठरते. एका कंपापासून दुसरा कंप वेगळा ओळखण्यास वैद्यकाला कित्येक शतके लागली. ही ओळख चुकल्यास उपचारही चुकतो.

प्राचीन भारतीय वैद्यकात चरकसंहितेतील ८० वातविकारांच्या यादीत ‘वेपथू’चा समावेश आहे. माधवनिदानात सर्वांगाचा व मस्तकाचा कंप असे त्याचे वर्णन आढळते. पाश्चात्त्य वैद्यकात दुसऱ्या शतकात गेलेन याने कंपाचा विचार केला. सतराव्या शतकात सिल्व्हियस (१६१४–७२) या वैद्याने हात स्वस्थ असताना होणारा कंप व हालचालीच्या वेळी होणारा कंप हे भिन्न असल्याचे दाखविले. पुढील सर्व वर्गीकरणाचे बीज या भेदात आहे.

लंडनजवळील हॉक्स्टन येथे व्यवसाय करणारा जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) याने १८१७ मध्ये कंपयुक्त पक्षाघातावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहाच रुग्णांचे वर्णन होते व त्यांपैकी काहींना त्याने केवळ रस्त्यात पाहिले होते. स्वस्थ हाताचा कंप, पुढे वाकलेले शरीर व धावल्यासारखी चाल ही लक्षणे त्याने एकत्र गुंफली. रोगाचे स्थान मात्र त्याने मेरुरज्जूच्या वरच्या भागात कल्पिले व ते चुकीचे ठरले.

पॅरिस येथील झां मार्तँ शार्को (१८२५–९३) याने निदानास काटेकोरपणा आणला. काही रुग्णांचा हात स्वस्थ असताना हलतो, तर काहींचा पेला ओठांकडे नेताना लक्ष्याजवळ येताच अधिकाधिक हेलकावतो, हा फरक त्याने ठसविला. दुसरा प्रकार त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात आढळला. पहिल्या प्रकारच्या रुग्णांत खरा पक्षाघात नसतो, हे ओळखून त्याने त्या विकारास पार्किन्सनचे नाव द्यावे असे सुचविले.

या दोहोंत न बसणारा एक कंप मात्र दुर्लक्षित राहिला होता. १८७४ मध्ये इटलीतील पिएत्रो बुरेसी याने अन्य कोणतेही लक्षण नसलेल्या कंपाला ‘इसेन्शियल’ हे विशेषण लावले. त्याचा अर्थ ‘आवश्यक’ असा नसून ‘अन्य कारण न सापडणारा’ असा आहे. १८८७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स डॅना याने हा कंप पिढ्यान्‌पिढ्या चालणारी कुटुंबे वर्णिली. यात हात स्वस्थ असताना सहसा स्थिर असतो. लिहिताना, कपबशी धरताना किंवा घास उचलताना तो थरथरतो. मान व आवाज यांतही कंप येऊ शकतो. थोड्या मद्याने तो तात्पुरता कमी होतो, पण मद्य हा त्यावरचा उपाय नव्हे. प्रौढ वयातील चिरकारी हस्तकंपाचे हे सर्वांत सामान्य कारण होय. ६५ वर्षांवरील व्यक्तींत त्याचे प्रमाण सु. ५ टक्के आढळते. मुंबईतील पारशी वसाहतींतील सु. १४,००० व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही या कंपाचे रुग्ण कंपवाताच्या रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक होते.

अन्य कारणांचा शोध याच काळात लागत होता. १८३७ मध्ये ग्लासगो येथील जॉन कूपर याने मँगॅनिजाची पूड हाताळणाऱ्या कामगारांतील तंत्रिका विकाराची नोंद केली. पाऱ्याने होणारा कंप टोप बनविणाऱ्या कारागिरांत परिचित होता. १८८३ मध्ये प्येर मारी याने अवटू ग्रंथीच्या अतिक्रियतेतील जलद व सूक्ष्म कंपाकडे लक्ष वेधले. १९१२ मध्ये किनियर विल्सन याने तरुणांत यकृत व मेंदू या दोहोंस ग्रासणारा विकार वर्णिला. शरीरात तांबे साचणे हे त्याचे मूळ असल्याचे पुढे निश्चित झाले. वेळीच ओळखल्यास तो आटोक्यात ठेवता येतो.

कंपवाताचे रासायनिक कारण उलगडण्यात भारतीय वनस्पतीचा अप्रत्यक्ष वाटा आहे. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. १९५७ मध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपा देऊन पुन्हा हालते केले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथील एरिंगर व हॉर्निकीविझ यांना कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूत डोपामिनाची तीव्र उणीव आढळली. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा तोंडाने मोठ्या मात्रेत देऊन रुग्णांत ठळक सुधारणा घडवून आणली. खाजकुहिलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी लेव्होडोपा १९३७ मध्येच वेगळे केले होते. तथापि बियांतील मात्रा अनिश्चित असल्याने त्यांचे स्वेच्छेने सेवन धोक्याचे ठरते.

या भेदांवरच उपचार अवलंबून असतात. कंपवातावर गुणकारी असलेले लेव्होडोपा इसेन्शियल कंपात निरुपयोगी असते. तेथे प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन देतात. मात्र दमेकऱ्यास प्रोप्रॅनोलॉल वर्ज्य असते. साल्ब्युटामॉल, लिथियम व व्हॅल्प्रोएट यांनी हात थरथरत असल्यास नव्या औषधाची भर घालण्याऐवजी आधीच्या औषधाचा फेरविचार करणे योग्य ठरते. औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र कंपात थॅलॅमसच्या विद्युत्‌ उद्दीपनाचा मार्ग १९८७ मध्ये ग्रनॉब्ल येथे बेनाबिद व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुला केला.

२०१८ मध्ये मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कंपाचे बाह्य स्वरूप व त्याचे मूळ कारण यांचा स्वतंत्रपणे विचार केला आहे. उपकरणे वाढली, तरी निदानाचा प्रारंभ सिल्व्हियसच्या काळातील प्रश्नानेच होतो : हात केव्हा थरथरतो, मांडीवर विसावलेला असताना, की काम करताना? पहिल्या स्थितीत वैद्य कंपवाताचा शोध घेतो, दुसरीत अन्य कारणांचा. हा प्रश्न न विचारल्यामुळे अनेक वृद्धांना नसलेल्या रोगाची औषधे घ्यावी लागली आहेत, तर कित्येकांच्या माथी मद्यपी किंवा भित्रा असा शिक्का बसला आहे.