व्होल्टाची जीभ आणि लॅपटॉपची बॅटरी

अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आपल्या विद्युतघटमालेची माहिती २० मार्च १८०० च्या पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. तेव्हा आजच्यासारखा व्होल्टमीटर नव्हता. जिभेवर येणारी चव आणि हातांना बसणारे झटके यांवरूनही ते विजेचा परिणाम पारखत. पुढे १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत 'व्होल्ट' या एककाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

विभवांतर मोजता आले, तरी घटात वीज किती शिल्लक आहे, हा प्रश्न उरतोच. सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयन घटाचेच पाहा. पूर्ण भारित असताना तो सुमारे ४.२ व्होल्ट दाखवतो, तर रिकामा होताना सुमारे ३. मधला बराच काळ मात्र हा आकडा अगदी हळू उतरतो. म्हणून बॅटरीतील चिप आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या विद्युतधारेचा हिशेब ठेवते. पडद्यावरची टक्केवारी मुख्यतः या हिशेबातून येते. त्यातल्या बारीक चुका साठत जातात.

ही माहिती संगणकापर्यंत पोहोचवण्यासाठी इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ साली एपीएम ही पद्धत ठरवली. तिच्यात उरलेली टक्केवारी कळे. डिसेंबर १९९६ मध्ये याच दोघांनी तोशिबासह एसीपीआय मांडली. तिच्यात प्रत्यक्ष व्होल्टेज विचारण्याचीही सोय झाली.

आज लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये 'कॅट' ही आज्ञा देऊन 'व्होल्टेज_नाऊ' ही फाईल वाचता येते. समजा, आकडा आला ११६०००००. हे मायक्रोव्होल्ट आहेत, म्हणजे ११.६ व्होल्ट. बऱ्याच लॅपटॉपमध्ये शेजारीच 'करंट_नाऊ' ही विद्युतधारेची फाईल असते.

आता वर्गात हा प्रयोग करून पाहा. चार्जर काढा, संगणक स्वस्थ ठेवा आणि दोन्ही आकडे लिहून घ्या. मग त्याला जड काम देऊन लगेच पुन्हा वाचा. समजा, १ अँपिअरला ११.६ व्होल्ट होते आणि ३ अँपिअरला ११.३ झाले. ०.३ ला २ ने भागा : ०.१५ ओहम. हा झाला बॅटरीचा अंतर्गत रोध, अंदाजे.

बॅटरी जुनी होते तसा हा रोध वाढतो. मग टक्केवारी २० दाखवत असतानाही जड काम सुरू होताच व्होल्टेज एकदम खाली येते आणि संगणक बंद पडतो. टक्केवारी हा हिशेब आहे, व्होल्टेज हे मोजमाप. दोन्ही शेजारी मांडून पाहिली, तर बॅटरीचे वय विद्यार्थ्यांना स्वतः ताडता येईल.