बाजरीच्या मुळांशी

चाळीसगावकडच्या माणसाला बाजरी म्हणजे घरचीच. थंडीत गरम भाकरी, वर लोणी, बाजूला ठेचा... बस्स. पण याच बाजरीनं विज्ञानाच्या इतिहासातही एक छोटीशी भूमिका केली आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज ती गोष्ट.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. झाड वाढतं ते कशाच्या हुकमानं? चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० च्या पुस्तकात लिहिलं, की गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर कोंब उजेडाकडे वळत नाही. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असणार. १९२८ मध्ये हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांनी हा निरोप रासायनिक असल्याचं दाखवलं. १९३४ मध्ये इंडोल अॅसेटिक आम्ल हे संप्रेरक हाती लागलं, आणि तेही कशातून? माणसाच्या मूत्रातून! पुढच्याच वर्षी केनेथ थिमान यांना ते एका बुरशीत मिळालं. बुरशीला ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल मिळालं की ती त्यापासून हे संप्रेरक बनवते, हेही त्यांच्या लक्षात आलं.

आता बाजरी. १९७० च्या दशकात मुळांशी राहणाऱ्या अॅझोस्पिरिलम या जिवाणूचा मोठा गवगवा झाला. हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारा म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे होतं. १९७९ मध्ये टिएन, गॅस्किन्स आणि हबेल या तिघांनी तो बाजरीच्या रोपांना लावून पाहिला. बाजूची मुळं वाढली आणि त्यांच्यावर केसमुळांची दाट लव आली. जिवाणू संप्रेरकंही तयार करत होता! मात्र केव्हा किती, हे परिस्थितीवर अवलंबून होतं. ट्रिप्टोफॅन वाढवलं की इंडोल अॅसेटिक आम्ल वाढे. संवर्धन जुनं होत जाई तसं तेही वाढे, जिवाणूंची वाढ थांबेपर्यंत. द्रावण हलवत ठेवलं, म्हणजे हवा खेळवली, तर आणखी जास्त.

इथेच आपल्या खानदेशाचा संबंध येतो. अॅझोस्पिरिलम, अॅझोटोबॅक्टरची पाकिटं आता कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. पण एक गोष्ट लक्षात घ्या, पाकिटात जिवाणू असतात, संप्रेरक नसतं. ते आपल्याच शेतात तयार व्हायचं असतं.

आणि शेत म्हणजे काही प्रयोगशाळेतली बाटली नव्हे. तिथं ट्रिप्टोफॅन कोण ओतणार? ते मुळांतून पाझरतं, कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून आणि शेणखतातून येतं. बैलजोड्या कमी झाल्या तसं शेणखतही आटलं. आपली काळी जमीन विम्लतेकडे झुकणारी, पाऊस जास्त झाला की चिबडते, मग मुळांशी हवा राहत नाही. कोळपणीचं मोल इथं कळतं. त्यातून पाकीट मे महिन्यात पत्र्याखाली तापलेलं असेल, तर आतले जिवाणू मेलेलेच निघायचे. बरं, संप्रेरक भरपूर झालं तरी चालत नाही, प्रमाणाबाहेर गेलं की मुळांची लांबी उलट खुंटते.

म्हणून ‘पाकीट वापरलं, काही फरक पडला नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला खोटं ठरवू नये आणि पाकिटालाही लगेच नावं ठेवू नयेत. आधी जमिनीत काय आहे ते पाहावं.

गावाकडच्या भावंडांनो, यंदा पाकीट घेताना त्यावरची मुदत वाचा, घरी सावलीत ठेवा, बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. आणि जमेल तेवढं शेणखत पेरणीच्या आधी शेतात पडू द्या.