कण्हाचा शिष्य आणि झेडब्रशमधला खांदा

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंढाणे नावाचं गाव आहे. सिंहगडाचं जुनं नाव कोंढाणा, त्याच्याशी याचा संबंध नाही. गावाच्या वर डोंगराच्या पोटात साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्यात त्यांच्या तोंडावरून पाणी कोसळतं आणि त्याच्यापुढे उभं राहून रील करायला मुंबईहून गर्दी लोटते. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डावीकडे, माणसाच्या जवळपास दुप्पट आकाराच्या एका मूर्तीचा तुकडा आहे. चेहरा फुटलेला. शिरोभूषणाचं बारीक काम मात्र नीट कळावं इतकं उरलेलं. आणि डाव्या खांद्याशी ब्राह्मी लिपीत एकच ओळ: कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं भरपूर सापडतात. व्यापारी, भिक्षुणी, राजघराण्यातली माणसं, अमक्याने खांब दिला, तमक्याने पाण्याचं टाकं दिलं. छिन्नी हातात धरणाऱ्याचं नाव सापडणं दुर्मीळ. पितळखोऱ्याला एका यक्षाच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराची सही आहे. तोच हा कण्ह, असं म्हणायचा मोह होतो. पण कण्ह म्हणजे कृष्ण, आणि कृष्ण नावाची माणसं तेव्हाही काही कमी नसणार. मला त्या दोघांना जोडण्यापेक्षा बलकाने वापरलेला शब्द महत्त्वाचा वाटतो. त्याने स्वतःला नुसता कारागीर म्हटलं नाही, अंतेवासी म्हटलं. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा. गुरूच्या घरी, त्याच्या हाताशी, त्याची छिन्नी कशी फिरते ते रोज बघत शिकणारा. कण्ह कोण आणि बलकाने त्याच्याकडे किती वर्षं काढली, यातलं काहीच त्या ओळीत नाही. तरी एवढं पक्कं कळतं की दगडात माणूस कसा काढायचा हे इथे कोणीतरी कोणालातरी शिकवत होतं, आणि शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याचं नाव स्वतःच्या नावाआधी लिहावंसं वाटलं.

काय शिकवत असेल कण्ह?

याच दर्शनी भागावर नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. त्यांच्यात स्नायू शोधायला गेलात तर निराश व्हाल. दंडाला बेटकुळी नाही, पोटावर सहा चौकोन नाहीत. या परंपरेतल्या कामात जे सापडतं ते वजन. एका पायावर भार आला की त्या बाजूची कंबर वर जाते, दुसरी उतरते, आणि तोल सांभाळायला खांदे उलटीकडे कलतात. याला पुढे त्रिभंग हे नाव पडलं. बोरघाट चढून वर गेलात की कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर हेच शरीर भरदार होऊन भेटतं: रुंद खांद्यांचे पुरुष, जड कंबरेच्या स्त्रिया, आणि त्या खरोखर जमिनीवर उभ्या आहेत असं वाटायला लावणारे पाय. कोकणातल्या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपास ही लेणी आहेत. त्याच वाटांनी कारागीरही हिंडत असणार.

शरीर कापून बघायची विद्या भारतात नव्हती असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेत तिची रीतच दिली आहे. मृत शरीर गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने थर हळूहळू घासून काढत आतलं पाहायचं. सुश्रुत हाडं मोजतो 300, चरक मोजतो 360. पण हे ज्ञान वैद्याचं. मूर्तिकाराचं ज्ञान वेगळ्या रस्त्याने गेलं, ते मापांचं. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आणि मूर्ती नऊ तालांची की दहा. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार सांगितले आहेत. हंस 108 अंगुळं उंच, भद्र 106, मालव्य 104, रुचक 100, शशक 90. कोंढाण्यानंतर काही शतकांनी लिहिलेलं हे गणित आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर हे पाच बेस मेश. एक निवडायचा आणि कामाला लागायचं.

युरोपात हे दोन रस्ते एकत्र आले. 1543 मध्ये व्हेसेलियसचं पुस्तक छापलं गेलं तेव्हा त्यात कातडी सोललेले मृतदेह रानात पोझ देऊन उभे होते. 1767 मध्ये ऊदों या फ्रेंच शिल्पकाराने कातडीविना माणसाचा पुतळा घडवला, आणि त्याच्या प्लास्टरच्या प्रती पुढे कलाशाळांतून पसरल्या. मृत शरीर उघडून जिवंत शरीर कळतं, हा विश्वास शिक्षणाचा पायाच झाला.

तो विश्वास मुंबईत आला एकाच घराण्याच्या पैशातून. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1845 मध्ये भायखळ्याला रुग्णालय उभं राहिलं. शेजारी त्याच वर्षी सुरू झालेलं ग्रँट मेडिकल कॉलेज. 1857 मध्ये त्यांच्याच देणगीतून कलाशाळा सुरू झाली. एकाच नावाच्या दोन संस्थांपैकी एकीत शरीर फाडून शिकत, दुसरीत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रती समोर ठेवून. म्हणजे कोकणातून, देशावरून आलेल्या पोरांनी आधी कुठल्यातरी ग्रीक देवाची छाती गिरवायची, आणि मग आपली माणसं. नग्न मॉडेल समोर बसवून काम करण्याचा वर्ग जे. जे. मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 च्या सुमारास, आला. त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच ‘मंदिरपथगामिनी’ घडवली होती. नऊवारीच्या चुण्यांखाली गुडघा कुठे आहे, भार कोणत्या पायावर आहे, हे तिच्यात दिसतं. हे सगळं ग्रीक प्लास्टरवरून आलं असं मला वाटत नाही. नऊवारी नेसून चालणारी बाई कोणत्याही पाश्चात्त्य पुतळ्यात नव्हती.

रायगडच्या माणसाला इथे विनायक पांडुरंग करमरकर आठवायलाच हवेत. जन्म 1891, अलिबागजवळचं सासवणे. वडील गणपतीच्या मूर्ती करत. मुलाने देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफील्ड या इंग्रज कलेक्टरच्या नजरेस पडलं आणि त्याने पोराला जे. जे. ला पाठवलं. करमरकर पुढे लंडनलाही शिकून आले. 1928 मध्ये पुण्यात उभा राहिलेला त्यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा साडेतेरा फूट उंच आहे. पण सासवण्याच्या घरी, जिथे आता संग्रहालय आहे, तिथे कोळीण, म्हैस, गावातली माणसं भेटतात. ती जास्त बोलतात, असं माझं मत. मातीचा गणपती करणाऱ्या बापाचा हात आणि अकादमीतला सांगाडा, दोन्ही त्या कामात आहेत.

करमरकरांच्या वडिलांचा तो धंदा खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात आज कारखान्यांच्या आकाराचा झालाय. साचे, शाडू, प्लास्टर, आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा एखादाच कसबी माणूस. शरीरशास्त्राच्या दृष्टीने गणपती ही चीज अफलातून आहे. मान जवळपास नाहीच, हत्तीचं डोकं माणसाच्या खांद्यावर बसवायचं, चार हात दोनच खांद्यांतून काढायचे, आणि तरी बघणाऱ्याला खटकता कामा नये. जगभरचे क्रीचर डिझायनर ज्या प्रश्नाशी झटतात तो पेणच्या पोरांनी शाळेत असतानाच हाताळलेला असतो. फक्त त्याला कोणी तसं नाव दिलेलं नसतं.

2005 मध्ये खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाईंचा एन. डी. स्टुडिओ उभा राहिला. देसाईही जे. जे. चेच. ‘जोधा अकबर’चे किल्ले तिथे बांधले गेले, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकाही तिथलीच. खोऱ्यात पुन्हा एकदा मोठ्या आकारात घडवणारे हात लागायला लागले. दगडाऐवजी आता प्लास्टर आणि फायबर होतं.

साधारण त्याच वर्षांत शिल्पाचं आणखी एक रूप पडद्यावर आलं. 2004 च्या झेडब्रश 2 पासून मातीसारखी ओढता-दाबता येणारी डिजिटल माती सर्रास वापरात आली. ब्लेंडर 2002 पासून मुक्त आणि फुकट. आज नोमॅड स्कल्प्ट फोनवर चालतं. कर्जत लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर सीएसएमटी येईपर्यंत एक डोकं घडवून होतं.

आणि तिथेच शरीर अडवतं. खांदाच घ्या. हात पूर्ण वर नेताना जे 180 अंश फिरतात, त्यातले साधारण 120 खांद्याच्या सांध्यात फिरतात आणि 60 पाठीवरचं फऱ्याचं हाड सरकल्याने मिळतात. हे माहीत नसलेला माणूस नुसता सांधा फिरवतो आणि मॉडेल मोडक्या बाहुलीसारखं दिसतं. मग तो ॲनाटॉमी शिकायला लागतो. पुस्तकं, पॅक, आयती मॉडेलं. यातल्या त्रिमित साधनांचा एक मोठा स्रोत म्हणजे अमेरिकेचा व्हिजिबल ह्यूमन प्रकल्प. 1994 मध्ये त्यांनी टेक्ससमध्ये मृत्युदंड झालेल्या एका कैद्याच्या शरीराचे एकेक मिलिमीटरचे 1871 काप खुले केले. आपल्याकडे 1949 च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळू लागले. मांडी, मणका, मनगट ज्यांच्यावरून आपण शिकतो ती माणसं बहुधा गरीब, एकटी किंवा कैदी होती. त्यांच्यातल्या कोणाची सही कुठे नाही.

पण मला जास्त खुपतं ते दुसरंच. आयत्या मॉडेलमधला माणूस खुर्चीवर बसणारा आहे. 1893 मध्ये हॅवलॉक चार्ल्स या लाहोरच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने पंजाबी माणसांची पायाची हाडं तपासून एक निबंध लिहिला. नडगीच्या खालच्या कडेला, पुढच्या बाजूने, आणि तिच्याखालच्या घोट्याच्या हाडाच्या मानेवर त्याला छोटे गुळगुळीत पैलू सापडले. युरोपीय हाडांत ते सहसा दिसत नसत. कारण साधं होतं. ही माणसं रोज उकिडवी बसत. पाऊल पूर्ण वाकलं की दोन हाडं एकमेकांना टेकतात, आणि आयुष्यभर टेकत राहिली की तिथे जागा तयार होते. म्हणजे सवय हाडात कोरली जाते.

जुलैत कर्जत-खालापूरच्या कुठल्याही खाचराच्या बांधावर उभे राहा. भातलावणी करणाऱ्या बायका कंबरेतून वाकलेल्या असतात, गुडघे जवळपास सरळ, पाठ लांब आणि सपाट, पोटऱ्या चिखलात. कातकरी वाडीत म्हातारा उकिडवा बसून विडी ओढत असतो, तासभर. त्याला टेकू लागत नाही.

हा म्हातारा ब्लेंडरमध्ये करून बघा. आयती रिग घेऊन गुडघे पूर्ण मिटलेत की घोटा अडतो आणि टाच उचलली जाते, कारण त्या शरीराला इतकं वाकणं कोणी शिकवलेलंच नाही. टाच जमिनीवर आणायची तर नडगी पुढे झुकवावी लागते, इतकी की गुडघा बोटांच्या पुढे जातो. मग पोटरी मांडीवर दाबली जाऊन दोन्ही बाजूंना पसरते, वाटी आत बसते आणि गुडघा टोकदार न राहता रुंद होतो. कंबर मागे कलंडते, पाठीला गोल बाक येतो, फऱ्याची हाडं एकमेकांपासून दूर सरकतात. आता हात गुडघ्यांवरून सोडा. सममिती बंद करायला झेडब्रशमध्ये एक्स दाबावं लागतं, ते विसरू नका. म्हातारा एका टाचेवर जरा जास्त रेललेला असतो.